पांढऱ्या उंदरांची पंगत

सोयरीक जुळवायला बसलेली मंडळी पोह्यांच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतात, "पाहुणे, नोकरी कशात?" माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी मी सरळ सांगून टाकलं, "उंदरांत." समोरच्या आजीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि नवऱ्यामुलाच्या काकांनी उचललेला कप बशीत ठेवून दिला. बायकोनं मला पाठीमागून चिमटा काढला आणि घाईघाईनं म्हणाली, "कॉलेजात हायेत वो, कॉलेजात!" सोयरीक जमली. व्याही मात्र अजून फोन केला की आधी उंदरांची खुशाली विचारतात, मग माझी. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो हे त्यांना तीनदा सांगून झालं.

आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात मी परिचर होतो. औषधावर अभ्यास करणारी मुलं आधी उंदरांवर प्रयोग करतात, त्या उंदरांचं सगळं करणारा माणूस म्हणजे मी. पिंजरे धुवायचे, भाताचं तूस बदलायचं, गोळीपेंड आणि पाणी द्यायचं, रोज सकाळी एकेकाला उचलून वजन करायचं. उंदीर कसा उचलावा हे मी एम.फार्म.च्या किती पोरापोरींना शिकवलं असेल याची गणती नाही. शेपटीला धरून लोंबकळवायचा नाही, पाठीवरून हात फिरवत, खांद्याखाली बोटं घालून अलगद घ्यायचा. घाबरलेला माणूस घट्ट धरतो आणि घट्ट धरलेला उंदीर चावतो. डॉक्टरेट झालेले लोकही माझ्यासमोर चावून घेऊन गेलेत. मी टिंक्चर लावता लावता म्हणायचो, "सर, पुढच्या वेळी प्रेमानं."

सगळे उंदीर एकसारखे पांढरे. ओळखायचे कसे? त्यांना एका पिवळ्या ॲसिडचे पट्टे ओढतात. एकाला डोक्यावर, दुसऱ्याला पाठीवर, तिसऱ्याला शेपटीवर. नवा प्रयोग सुरू व्हायचा त्या दिवशी मी घरी सांगून निघायचो, "आज चोवीस जणांची हळद हाय, उशीर हुईल."

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती माझ्या हातून झालेल्या एका घोटाळ्याची आहे आणि घोटाळा काही लहान नव्हता.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हा सारिका आमच्याकडे प्रयोगाला आली. शेळगावची मुलगी, बारीक चणीची, बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शिरायला फट मिळायची नाही. तिच्या आजोबांचे, आबांचे, गुडघे दुखायचे. आबांनी कुठल्याशा बाजारात बसणाऱ्या एका पुडीवाल्याकडून "झाडपाल्याची" पावडर आणायला सुरुवात केली. पुडी घेतली की आबा डाळिंबाच्या बागेत पळत सुटत. वर्षभरात त्यांचं तोंड गरगरीत झालं, गाल वर आले. गावातली माणसं म्हणू लागली, "आबा, तब्येत लई सुधारली." आबाही मिशीवरून हात फिरवायचे. सारिकाला शंका आली. तिनं ती पुडी कॉलेजात आणून तपासली, तर झाडपाल्यात चक्क स्टेरॉइड निघालं. डॉक्टरांनी आबांचं रक्त पाहिलं तेव्हा लिव्हर आणि किडनी दोन्ही कुरकुरत होत्या. पुडी एकदम बंद करायची नाही, शरीराला तिची सवय लागलेली असते, म्हणून डॉक्टरांनी बेतानं कमी करायचं औषध बांधून दिलं. आणि सारिकानं प्रयोगाचा विषय पक्का केला: स्टेरॉइडनं लिव्हर-किडनीचं होणारं नुकसान झाडपाल्याच्या अर्कानं कमी होतं का?

तिनं दोन वनस्पती निवडल्या. लिव्हरसाठी भुईआवळा आणि किडनीसाठी सराटा, ज्याला शहाणे लोक गोखरू म्हणतात. भुईआवळा शेळगावात आबांच्या बागेतच तण म्हणून उगवायचा. सराटा मात्र कोरड्या रानातला, त्यासाठी आम्ही सुप्याकडे गेलो. मी, सारिका, आबा आणि आमच्या गाईड मॅडम. मॅडम पुण्याच्या, कडक शिस्तीच्या. प्रयोगशाळेत मोठ्यानं श्वास घेतलेलाही त्यांना खपायचा नाही. त्या दिवशी त्यांनी पातळ तळव्याची सुंदर चप्पल घातली होती. रानात दहा पावलं गेलो नाही तोच सराटा तळवा फोडून वर आला आणि मॅडम एका पायावर उड्या मारू लागल्या. आधार द्यायला मी धावलो तर माझ्याही टाचेत घुसला. मग आम्ही दोघं एकमेकांचे खांदे धरून एकेका पायावर नाचत होतो आणि आबा बांधावर बसून पोट धरून हसत होते.

"मॅडम," आबा म्हणाले, "एक वाण बागायती, एक जिरायती. जोडा झकास जमला बगा!"

मॅडम काटा उपटत म्हणाल्या, "आबा, आधी प्रयोग होऊ दे, मग अक्षता टाका."

दोन्हीचा पाला सावलीत वाळवून, कुटून, उकळून, आटवून सारिकानं काळपट अर्क केला. मी बोट लावून चाटला. कडू असा की जीभ संध्याकाळपर्यंत माझी नव्हती.

प्रयोग बाहेरच्या माणसाला कळावा म्हणून सांगतो. चोवीस उंदरांचे सहा-सहाचे चार गट. पहिला गट नुसता खाऊन-पिऊन मजेत. दुसऱ्या गटाला रोज स्टेरॉइडचं इंजेक्शन, बाकी काही नाही. तिसऱ्याला इंजेक्शन आणि नळीनं थेट पोटात थोडा अर्क, चौथ्याला इंजेक्शन आणि जास्त अर्क. चार आठवड्यांनी सगळ्यांचं रक्त तपासायचं. दुसरा गट आजारी पडला आणि तिसरा-चौथा त्या मानानं बरा राहिला, तर अर्कात काहीतरी आहे म्हणायचं. शेवटी सगळ्यांना भूल देऊन कायमचं झोपवतात, त्यांचे अवयव तपासतात. हा आमच्या धंद्याचा भाग आहे. मी त्या दिवशी दुपारी जेवत नसे.

दुसरा आठवडा लागला आणि दुसऱ्या गटाची रया जायला लागली. वजनं उतरली, केस विस्कटले, कोपऱ्यात अंग चोरून बसायला लागले. त्याच दिवसांत आबा नातीचा प्रयोग पाहायला आले. आत सोडता येत नाही, म्हणून काचेतून दाखवलं.

"ह्यातलं माझ्यासारखं कोन?" आबांनी विचारलं.

सारिकानं दुसऱ्या गटाकडे बोट केलं.

"मग त्यास्नी औषीद?"

"न्हाय आबा. त्यांना नुसतं पाणी."

"आन् शेजारच्यास्नी औषीद?"

"व्हय."

"म्हंजी मी हितं असतो तर मला नुसतं पाणीच पाजलं असतंस व्हय गं?"

सारिका हसली, काचेला टेकून समजावू लागली, "आबा, सगळ्यांनाच औषध दिलं तर औषधानं फरक पडला का आपोआप पडला, कसं कळणार? कुणीतरी औषधाविना पायजेच."

आबांना ते पटलं की नाही कोण जाणे. मला मात्र ते काही केल्या पटेना. आता इथे माझं दुसरं काम सांगायला हवं. आमच्या माळेगावात सप्त्याच्या शेवटी काल्याचा महाप्रसाद असतो आणि आमटीची बादली कित्येक वर्षं माझ्याकडे. आमच्याकडे वाढप्याचा एकच नियम: पंगतीत बसलेला एकही माणूस सुटता कामा नये. ओळखीचा असो, परका असो, भांडणातला असो. बादली अर्ध्यात संपली तर सगळी पंगत हात आखडून बसते, पण एकाच्या पानात आमटी आणि शेजारच्याच्या पानात नाही, असं घडत नाही. ज्या वाढप्यानं पंगतीत भेद केला त्याला पुन्हा बादलीला हात लावू देत नाहीत. अशा हातांना कॉलेजानं बारा जणांना द्यायचं आणि सहा जणांना नाही, या कामाला लावलं होतं.

सारिका रोज अर्क ताजा कालवायची. तळाशी थोडा उरायचा. तो सिंकमध्ये ओतून भांडं धुणं हे माझं काम. दुसऱ्या दिवशी मी भांडं उचललं, सिंकपाशी गेलो, नळ सोडला आणि बंद केला. मग आजूबाजूला बघितलं. उरलेला अर्क मी दुसऱ्या गटाच्या पाण्याच्या बाटल्यांत सारखा वाटून ओतला. कुणालाही एक थेंब कमी-जास्त नाही, त्यात मी पक्का.

उंदरांनी बाटलीच्या चोचीला तोंड लावलं आणि मागे सरले. कडू! मला हसूच आलं. संध्याकाळी घरून गुळाचा डबा आणला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटलीत चिमूटभर चिरलेला गूळ. मग काय विचारता, सहाही जण रांगेनं चोचीला लोंबकळले. आठवडाभरात त्यांच्या अंगावर तजेला आला, निदान मला तरी तसा वाटला. मी इतका खुशीत होतो की वजनाच्या काट्यापाशी शीळ घालायचो. मॅडमनी एकदा विचारलंही, "तात्या, काय लग्न-बिग्न ठरलंय का घरात?"

चार आठवडे संपले. रक्त तपासलं. आकडे आले त्या सकाळी मॅडमच्या केबिनचं दार बंद होतं आणि बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"दुसऱ्या गटाचे आकडे तिसऱ्या गटासारखेच, फारसे बिघडलेलेच नाहीत, सारिका. म्हणजे स्टेरॉइडनं काही झालंच नाही?"

"मॅडम, मला पण कळत न्हाय."

"तू मध्ये काही दिवस शेळगावहून उशिरा यायचीस. इंजेक्शनं चुकवलीस का?"

"एकही न्हाय, मॅडम."

"मग उंदीर खोटं बोलतात का? आणि रक्तातली साखर बघ! हा गट सगळ्यांच्या वर. मला काही अर्थच लागत नाही. हे असं मी पुढे पाठवू शकत नाही. तुझा विषय बंद करावा लागेल."

बाहेर माझ्या हातातली बादली खाली टेकली. आत जाऊन सांगून टाकायला हवं होतं. पण दोन वर्षं राहिलीत, पेन्शन आहे, धाकटीचं शिक्षण आहे, असलं सगळं डोक्यात गर्दी करून आलं. त्या दिवशी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशीही गप्प बसलो. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सारिका प्राणीगृहाच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात खोका. त्यात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. तिनं एकही टाकली नव्हती. "तात्या, तुमी बघा ना," ती म्हणाली, "एक पण दिवस सुटलेला न्हाय. मॅडमना दाखवू का? का त्यांना वाटंल मी आत्ताच चिकटवल्यात?" रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला खोक्यासकट उठवलं आणि तसाच मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो. दार वाजवायचं राहिलं.

"मॅडम, इंजेक्शनं चुकली न्हाईत. म्या पाजलं."

"काय पाजलंत?"

"उरल्याला अर्क. दुसऱ्या गटाला. रोज. मॅडम, पंगतीत सा जण उपाशी बसल्यालं बगवत न्हाय मला."

मॅडम उभ्या राहिल्या. खुर्ची मागे सरकून कपाटावर आदळली. "पण अर्क इतका कडू आहे. ते पीत कसे होते?"

मी खाली बघितलं. "गूळ घालत हुतो."

"गूळ?"

"चिमूटभरच. चिरून."

"स्टेरॉइडवर? स्टेरॉइडनं आधीच साखर चढते, तात्या! आणि तुम्ही त्यावर गूळ?" मॅडमचा आवाज चढत चढत वर गेला आणि अचानक फुटला. मला वाटलं ओरडल्या. हसत होत्या. सुप्याच्या रानात नाचताना हसल्या नव्हत्या तेवढ्या हसत होत्या, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "साखर! तरीच! तरीच साखर!" एवढंच पुन्हा पुन्हा. मग मीही हसायला लागलो, भीतीनं म्हणा, सुटल्यामुळे म्हणा.

सारिका हसली नाही. तिनं वही उघडली, पेन काढलं. "कोणत्या दिवसापासनं, तात्या? किती गूळ? बाटलीला का पिंजऱ्याला?" मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. सगळं लिहून झाल्यावर वही मिटली आणि म्हणाली, "दोन दिवस मला सांगितलं का न्हाय? मी वेडी व्हायचीच बाकी होते."

मॅडमनी डोळे पुसले आणि चष्मा चढवला तेव्हा त्या पुन्हा आमच्या नेहमीच्या मॅडम होत्या. संपूर्ण प्रयोग रद्द. प्राण्यांच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते, तिला सगळं लेखी कळवायचं, नव्यानं परवानगी मागायची, नवे उंदीर आणायचे. मला लेखी समज मिळाली. माझा जबाब मीच लिहिला आणि त्यात पंगत, वाढपी, भेद असे शब्द आले. समितीच्या एका साहेबांनी ते शब्द काढून पुन्हा लिहायला सांगितलं. मी दुसऱ्यांदा लिहिला, तेच शब्द पुन्हा आले. तिसऱ्यांदा त्यांनी मागितला नाही.

हसून झालं, मग हिशेब कळला. सारिकाचं वर्ष मागे पडलं, तिच्या बरोबरच्या मुली पदव्या घेऊन गेल्या. आणि मी सहा जणांवर माया केली, त्यापायी आधीचे चोवीस फुकट गेले आणि आणखी चोवीस आणावे लागले. माझ्या कनवाळूपणाचा हा भाव होता.

मी मॅडमना विनवलं, "ह्या खेपेला मला लायब्ररीत टाका."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच करायचं. आणि नीट करायचं."

मग मी नीट केलं. रोज सारिकासमोर उरलेला अर्क सिंकमध्ये ओतला आणि वहीत सही केली. दुसऱ्या गटाच्या बाटल्यांत साधं पाणी भरलं. चोचीला तोंड लावून ते माझ्याकडे बघायचे. उंदीर बघत नाहीत, त्यांना लांबचं दिसत नाही, मलाच तसं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यातला एक गेला, चौथ्यात आणखी एक. पिंजरा धुताना मी पहिल्यांदाच कामावर रडलो.

आकडे आले तेव्हा मात्र सगळं कॉलेज दणाणलं. दुसरा गट खालावलेला आणि अर्काचे दोन्ही गट त्याच्यापेक्षा स्पष्ट बरे. ठणठणीत नव्हते, पण बरे. सारिका व्हरांड्यात ओरडत धावली, मॅडमना तिनं मिठी मारली आणि मॅडमनी ती चक्क मारू दिली. मी वजनकाटा पुसत होतो तो पुसतच राहिलो. तिनं लगेच शेळगावला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मग मला कवा पाजतीस?" आबांचा आवाज आला.

"आबा, उंदरात झालं म्हणजे माणसात झालं असं नसतं. अजून लई तपासावं लागतं. तुमी डॉक्टरांचंच घ्या."

"आरं वा! म्हंजी हितं उंदीर मोठा, आन् आजा ल्हान!"

आम्ही सगळे हसलो, फोनच्या पलीकडे आबाही.

शेवटची पायरी म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक येतात, प्रबंध चाळतात, प्रश्न विचारतात, मग सही. सारिकानं प्रबंधात एक अख्खं पान पहिल्या प्रयोगावर लिहिलं होतं: अर्क, गूळ, सगळं. मॅडमनी ते गाळता येईल असं सुचवलं होतं, पण तिनं ऐकलं नाही. परीक्षकांचं बोट नेमकं त्या पानावर थांबलं. मला मॅडमच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

साहेब वयस्कर, चष्म्याच्या वरून बघणारे. "दुसऱ्या खेपेलाही परिचर तुम्हीच?"

"व्हय, साहेब."

"मग दुसऱ्या खेपेला तुम्ही काही पाजलं नाही, हे मी कशावरून मानू?"

सारिकानं सह्यांची वही पुढे केली. साहेबांनी ती उघडलीही नाही. "सही काय, कुणीही करतं."

सारिकाचं दीड वर्ष त्या टेबलावर पडलं होतं आणि ते आता माझ्या शब्दावर होतं. मला सुचलं ते मी बोललो. "साहेब, दोन मेले. पाजलं असतं तर कदाचित शेवटपर्यंत टिकले असते. भांडं रोज माझ्याच हातात असायचं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग प्रबंध ओढून घेतला आणि सही केली. "अभिनंदन," ते सारिकाला म्हणाले. तिनं किंकाळी फोडली, माझे दोन्ही हात धरले आणि मला त्या केबिनमध्ये गरागरा फिरवलं. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मी हसत होतो, धापा टाकत होतो, डोळे वाहत होते.

मी दारापर्यंत गेलो तेव्हा साहेबांनी मागून विचारलं, "तात्या, त्या दोघांना नावं होती का हो?"

"नावं ठेवायची नसत्यात, साहेब. तसा नियम हाय," मी म्हणालो, आणि दोघांचीही नावं सांगितली.